कोजागिरीपर्यंत थांबा

मे महिन्यातल्या भर दुपारी अमरावतीच्या रस्त्यावर माणूस दिसला, तर समजावं की तो एकतर बाहेरगावचा आहे, नाहीतर घरी भांडून निघालेला आहे.

अंबादेवीच्या रस्त्यावर, कडुनिंबाच्या सावलीत रागिणी मेहरेचं फुलांचं दुकान होतं. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या बारदानाखाली झाकून ती गजरे ओवत बसली होती. रस्ता चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला. समोरच्या पानठेल्यावाल्यानंही पडदा सोडून आत ताणून दिली होती. अशा वेळी निंबाच्या सावलीत आणखी एक सावली येऊन मिसळली… खांद्याला बॅग, तोंड लालबुंद, डोळे भलतीकडेच लागलेले. त्या माणसानं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. सरळ वाकला, आणि ओल्या बारदानात तोंड खुपसून तसाच राहिला.

"ओ साहेब! फुलं हायेत ते, उशी नाई!"

त्यानं हळूच मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर मोगऱ्याची एक कळी चिकटली होती. रागिणीला इतकं हसू आलं, की सुई बोटात टोचली.

"सॉरी हां… जरा गरगरल्यासारखं झालं. किती द्यायचे फुलांचे?"

"पह्यले बसा. फुलांचं मग पाहू." तिनं मडक्यातलं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. "कुठून आले?"

"वेंगुर्ल्याहून. साईश राऊळ. इथल्या वीज उपकेंद्रावर इंजिनिअर म्हणून हजर झालोय… आजच."

"काहून आले?"

तो ओशाळला. "म्हणजे… पोस्टिंग दिलं म्हणून. सकाळपासून हे तिसऱ्यांदा ऐकतोय. घरमालकानं विचारलं, काहून आले. ऑफिसातल्या शिपायानं विचारलं, काहून आले. येऊ नये असं वाटतंय का सगळ्यांना?"

रागिणीनं सुई बाजूला ठेवली. "हे पहा साहेब, हा पह्यला धडा. इथं 'काहून आले' म्हणजे 'या, बसा' असते. आमी साखर घोळत नाई. ज्याच्याशी बोलायचं नसते, त्याले आमी काहीच विचारत नाई." मग तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आन दुसरा धडा— तुमच्याकडे घाम दिसते. इथला घाम दिसत नाई, उडून जाते. म्हणून कळत नाई, आन माणूस आडवा होते. बारा ते चार बाहेर पडायचं नाई. पडलेच, तर डोक्याले दुपट्टा बांधायचा. कूलरले वाळ्याच्या ताट्या लावा, घरभर थंडगार वास सुटते. आन खिशात हे ठेवायचं."

टोपलीतून तिनं एक कांदा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"कांदा?"

"लू लागत नाई."

त्यानं कांदा असा धरला, जणू कोणी त्याला सोन्याचा नारळ दिला आहे आणि तो कुठे ठेवायचा हे कळत नाही. मग हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला छोटीशी खळी पडत होती… हे रागिणीला दिसलं, आणि दिसलं नाही असं तिनं ठरवलं.

"थँक यू, ताई. पण खरं सांगू? पाच-सहा महिने काढायचे कसेतरी. बदलीचा अर्ज लगेच टाकणार."

रागिणीनं पुन्हा सुई उचलली. अमरावतीत नोकरीला येणारे तिच्या दुकानाशी थांबतच. बँकेतली मॅडम आली, कॉलेजातले सर आले, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. कुठे खोली घ्यावी, कुठलं पाणी खारं, कोणत्या महिन्यात कुठे फिरावं— रागिणीनं सगळ्यांना सांगितलं. सगळे रुळले. आणि रुळले की सगळ्यांची बदली आली. जाताना प्रत्येकानं तिच्याकडूनच हार नेला. तिचं दुकान म्हणजे जणू फलाट— उतरणारा आधी तिथेच उतरायचा आणि जाणाराही तिथूनच चढायचा.

"कोजागिरीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "त्याच्या आत वऱ्हाड कळत नाई. तवाही जावं वाटलं, तर मी स्वतः हार घालून गाडीत बसवून देईन. फुकट."

"बघू," तो म्हणाला.

---

पहिल्या महिन्यात त्यानं फक्त तक्रारी आणल्या. दूध नासलं. जेवणात तेल तरंगतं. कचोरीवाल्यानं 'अजून एक घ्या' म्हणून हात धरला. रागिणी ऐकून घ्यायची, आणि प्रत्येक तक्रारीवर एक कामगिरी द्यायची.

"तेल तरंगते ना? मग रविवारी गिला वडा खाऊन या. उडदाचा वडा, वर घट्ट ताक, वर चटणी. खाऊन झालं की मले येऊन सांगायचं, ताक आधी लागलं का तिखट."

तो खरंच येऊन सांगायचा. "आधी ताक. मग तिखट. मग परत ताक हवंसं वाटलं."

"पास झाले."

आषाढात तिनं त्याला कौंडण्यपूरला धाडलं. वर्धा नदीच्या काठी, पाणी भरून वाहत असताना. "रुख्मिणीचं माहेर हाये ते. देवळात गर्दी नसते, घाटावर बसून राहा. काहीच करू नका. पाणी पाह्यता येते का तुमाले?"

"समुद्राकाठच्या माणसाला विचारताय, पाणी बघता येतं का?"

"समुद्र सारखा येते-जाते, लक्ष वेधून घेते. नदी पाह्याले धीर लागते."

तो आला तो उन्हं उतरताना, बुटांना काळी माती घेऊन. ही माती चिकटली की सोडत नाही. त्यानं दुकानाच्या पायरीवर बूट झटकायला सुरुवात केली आणि तळव्याएवढा गोळा तिच्या टोपलीशेजारी पडला.

"राहू द्या," रागिणी म्हणाली. "आमची मातीच तशी हाये. पाय धरते."

"हं… कळतंय." बूट हातात तसाच धरून तो म्हणाला, "तिथं एक म्हातारी भेटली. म्हणाली, रुक्मिणी इथली, पण तिला कृष्णानं पळवलं ते तुमच्या अंबादेवीच्या देवळातून. खरं?"

"मंग! हे काय, समोरच्या देवळातून." रागिणीनं दोरा दातानं तोडला. "समुद्राकडचा जावई आमाले एकदाच भेटला. आला, पोरगी रथात घातली, आन द्वारकेले घेऊन गेला. आमच्या बाया गाण्यात तिचं लगीन गातात, तिचा रथ गातात. पण ती माहेराले परत आली, असं कोणीच गात नाई."

"मग ते कडवं राहिलंच आहे म्हणायचं."

तो गजऱ्यातल्या कळ्यांकडे पाहत बोलला होता. पण रागिणीच्या हातातल्या कळीचं देठ नेमकं त्याच वेळी मोडलं.

त्या दिवशी जाताना तो "येतो हं" एवढंच म्हणाला. 'ताई' कुठे गळून पडली, ते दोघांनीही विचारलं नाही.

---

श्रावणात चिखलदरा. त्यासाठी रागिणीचे नियम कडक होते. "रविवारी जायचं नाई, निस्त्या गाड्या पाह्यच्या असतील तर जा. मधल्या वारी जायचं. परतवाड्याच्या पुढे घाट लागला की काचा खाली करायच्या, ढग आत येऊ द्यायचे. आन वर गेलं की तिथलीच कॉफी प्यायची. डोंगरावरच लागते ती."

"हे सगळं तुम्ही येऊन दाखवलंत तर?"

रागिणीची मैत्रीण सीमा शेजारच्याच बांगड्यांच्या दुकानात बसायची. तिचा एक कान गिऱ्हाइकाकडे असला, तरी दुसरा कायम इकडे. ती तिथूनच ओरडली, "मी येतो! मले मळमळते घाटात, मी समोर बसीन. तुमी दोघं मागं बसा!"

चिखलदऱ्यात त्या दिवशी काहीच दिसलं नाही. दरी नाही, तलाव नाही, समोरचा माणूससुद्धा नाही. नुसतं पांढरं, ओलं, हलणारं धुकं. सीमा चहाच्या टपरीवर शेकोटीला चिकटली. हे दोघं एका छत्रीत कठड्याशी उभे राहिले. पाऊस पडत नव्हता. तो हवेत नुसता टांगलेला होता.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"काईच नाई."

"मग कशासाठी आणलंत एवढ्या लांब?"

"थांबा ना जरा…"

मग वारा फिरला. धुक्याला एक चीर पडली, आणि खाली— खूप खाली— हिरव्या दरीचा एक तुकडा दिसला, त्यात एक पांढरी धार, त्या धारेवर उडणारे दोन पक्षी. पापणी लवेपर्यंत. मग पुन्हा पांढरं.

साईश दरीकडे पाहत नव्हता. रागिणीनं वळून पाहिलं, तेव्हा तो तिच्याकडे पाहत होता. तिच्या भुवईवर धुक्याचा एक थेंब लोंबत होता. तो पडेल म्हणून वाट पाहत असल्यासारखा…

"दरी तिकडे हाये, साहेब."

"असेल."

 वऱ्हाडातली पोरगी, कोणालाही तोंडावर काहीही सुनावणारी— ती छत्रीतून निघून सीमाच्या शेकोटीकडे चालू लागली.

भादव्यात तर त्यानं कहरच केला. रागिणीनं सांगितलं होतं, "अकोल्याकडचं वऱ्हाड वेगळं. बार्शीटाकळीचं जुनं देऊळ पाहा, भिंतीवरच्या मूर्ती पाहून मान दुखते. तिथून तेल्हाऱ्याले जा, माझी पंचफुलाआत्या हाये. तिच्या वावरात कपाशीले फुलं लागली असतील. सकाळी पिवळं असते ते फूल, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. आत्या जेवू घालीन. 'पुरे' म्हटलं तर ऐकणार नाई, ताटावर आडवा हात ठेवा."

तो गेला. संध्याकाळी आत्याचा फोन आला, आणि तो रागिणीऐवजी तिच्या आईनं, पार्बताबाईनं घेतला.

"वहिनी, तो पोट्टा आल्ता. चांगला हाये. मी इचारलं, बाप्पा, तू आमच्या रागिणीचा कोण लागतं? तर म्हणते कसा… 'अजून ठरलं नाही.'"

पार्बताबाईनं फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. "काय वं… काय ठरून राह्यलं तुमचं?"

"काईच नाई!" रागिणी म्हणाली, आणि भाकरीचं पीठ मळता मळता त्यात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

रात्री जेवताना बाबांनी, किसनरावांनी, पहिला घास घेतला, पाणी प्यायले, आणि शांतपणे म्हणाले, "ठरू द्या लवकर. नाईतर आपल्या घरचं मीठ सरते."

---

नवरात्र म्हणजे रागिणीच्या दुकानाची दिवाळी. पहाटेपासून देवीसमोर रांगा, झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या. मान वर करायला उसंत नाही. अशाच गर्दीत साईश आला. गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला. रांग संपेना, तेव्हा तिथूनच बोलला.

"कुडाळला जागा झालीय. जूनमध्ये अर्ज टाकला होता… तेव्हा. आता ते विचारतायत. हो म्हणायचं की नाही, ते कळवायचंय. हो म्हटलं तर कोजागिरी झाली की निघायचं."

कुडाळहून वेंगुर्ला म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्याची आई तिथे. त्याचा समुद्र तिथे.

रागिणीचे हात चालूच होते. झेंडू, आंब्याचं पान, झेंडू, झेंडू. एका क्षणात तिच्या मनात एक शब्द आला— 'थांबा'. किती सोपा! मे महिन्यात अनोळखी माणसाला तिनं तो किती सहज सांगितला होता. आता तोच शब्द ओठांवर यायला तयार होईना. कारण तेव्हा थांबणं म्हणजे एक सल्ला होता. आता ते मागणं होतं. त्याचं घर, त्याची माणसं सोडून ये, असं मागणं… आणि तो संकोचानं 'बघू' म्हणाला तर? त्याच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे तिला आता पुरतं ठाऊक होतं.

"मग म्हणा हो," ती म्हणाली. "घराजवळ हाये."

"एवढंच?"

"गिऱ्हाईक थांबलं हाये, साहेब."

तो निघायला वळला. मग म्हणाला, "आणि… हार?"

"कबूल केलं ते करीन. कोजागिरीले घरी या. भुलाबाई असते आमच्याकडे."

तो गर्दीत दिसेनासा झाला. सीमा बांगड्यांच्या दुकानातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. "एवढ्या मोठ्या गावाले सल्ले देतं तू! तुले कोणी द्यावा वं?"

त्यानंतर मेहऱ्यांच्या स्वयंपाकघरात एक विचित्र उद्योग सुरू झाला. दुकान बंद झालं की रागिणी फोनवर व्हिडिओ लावून बसायची. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडायची, गरम गरम सोऱ्यात घालून दाबायची. पहिल्यांदा नुसता चिकट लगदा झाला. दुसऱ्यांदा शेवया पडल्या, पण रबरासारख्या. साईशनं एकदा सांगितलं होतं— त्याची आई सणाला शिरवाळे करते, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र शेवया. त्या नारळाच्या गोड दुधात बुडवून खायच्या. सांगताना त्याचे डोळे मिटले होते. अमरावतीत नारळ कुठून यायचा? पण देवीच्या रस्त्यावर दुकान असलेल्या घरात नवरात्रात नारळाला तोटा नसतो.

तिसऱ्या दिवशी पार्बताबाई दारात उभी राहून बघत होती. "हे आपल्याकडचं नाई."

"नाई."

"तिकडचं हाये."

"हो."

"जाशीन म्हणतं काय तिकडे?"

आईनं सरळ विचारलं, तसंच रागिणीनं सरळ सांगितलं. आईपाशी ते कठीण नव्हतं. "त्यानं राहावं असं मी कशी म्हणू, आई? पण त्यानं विचारलं… तर मी जाईन. रुख्मिणी नाई का गेली?"

पार्बताबाई पुढे आली, पदर खोचला आणि सोऱ्याचा दांडा धरला. "असा नाई, जोर लाव. शेवयांचं कुठंही सारखंच असते."

---

कोजागिरीची संध्याकाळ. अंगणात ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपी उभी केली होती. खोपीत मातीची भुलाबाई, शेजारी मातीचे भुलोजी— पार्वती आणि शंकरच ते. भादव्याच्या पुनवेला बसलेलं हे जोडपं, वऱ्हाडभरच्या पोरींनी महिनाभर गाणी म्हणून डोक्यावर घेतलेलं. आज त्यांचा शेवटचा मुक्काम. गल्लीतल्या पोरी, बाया, सीमा, सगळ्या जमल्या होत्या. पूर्वेला निंबाच्या फांद्यांतून चंद्र वर येत होता, तांब्याच्या ताटासारखा.

साईश आला. हातात एक स्टीलचा डबा. झाकण घट्ट. त्यानं पाटावर बसायला जागा शोधली, तोच पार्बताबाई आरतीचं ताट घेऊन पुढे.

"घरचा थोरला हायेस काय रे?"

"हो… धाकटी बहीण आहे मला."

"बस मग इथं. आज थोरल्या लेकराले ओवाळतात. तुयी माय दूर हाये, म्हणून काय तसाच राह्यतं?"

तिनं रागिणीला ओवाळलं, आणि त्याच ताटानं त्यालाही. कपाळावरचं कुंकू थोडं नाकावर सांडलं. रागिणीला मोगऱ्याची कळी आठवली. तिनं मान खाली घातली.

मग गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि खिरापतीची वेळ आली. भुलाबाईचा हा खेळ ज्यानं पाहिला त्यालाच त्याची गंमत ठाऊक. प्रसादाचा डबा झाकून आणायचा, कानाशी वाजवून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी ओळखायचं, आत काय आहे. प्रश्न काहीही विचारा; डबेवाल्यानं खोटं बोलायचं नाही, भुलाबाई ऐकत असते. रागिणीचा डबा आजवर कोणी ओळखला नव्हता. आजही पोरींनी सगळं सांगून पाहिलं. करंजी? शेव? रेवड्या? साखरफुटाणे? ती मान हलवत राहिली.

"मी विचारू?" साईश म्हणाला.

पोरी खुसखुसल्या. "इचारा, साहेब!"

"गोड की तिखट?"

"गोड."

"इथलं आहे की बाहेरचं?"

रागिणीनं भुलाबाईकडे पाहिलं. खोटं बोलता येत नव्हतं. "बाहेरचं."

"खूप लांबचं?"

"हो."

"…समुद्राकडचं?"

रागिणीनं डब्याचं झाकण दाबून धरलं. "हो."

"करणारीला पहिल्यांदाच जमलं?"

"दोनदा बिघडलं."

"मग तिसऱ्यांदा कोणासाठी केलं?"

"हा प्रश्न खिरापतीचा नाई!"

"आहे," तो हळूच म्हणाला. "शिरवाळे आहेत आत. ओळखले मी. पण कोणासाठी ते अजून ओळखायचंय."

तिनं डबा उघडला. शुभ्र शेवया, वर वेलचीचा वास; मागोमाग पार्बताबाईनं आतून नारळाच्या दुधाची वाटी आणून ठेवली. तो त्या डब्याकडे पाहत राहिला, पाहतच राहिला. खळी उमटली नाही. डोळेच तेवढे भरून आले.

"हार?" त्यानं विचारलं.

"तयार हाये." खोपीमागून तिनं शेवंतीचा हार काढला. पांढऱ्या शेवंतीचा, मधे तांबडा गुलाब. तो तिनं हातावर नीट पसरला.  "किती वाजताची गाडी?"

"आधी माझी खिरापत ओळखा."

त्यानं डबा पुढे केला, कानाशी वाजवला. आत काहीतरी जड, एकटंच, गडगडत होतं. धप्प… धप्प.

"लाडू!" "रामफळ!" "आवळा!" "पेढा हाये मोठा!" पोरी ओरडत सुटल्या. साईश मान हलवत राहिला. "गोड?" "नाही." "आंबट?" "नाही." "खाता येते ना साहेब?" "येतं. पण मी खायला आणलं नाही."

"हारलो!" सीमा म्हणाली. "उघडा."

झाकण निघालं. डब्यात एक कांदा होता.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग सगळं अंगण हसून लोटपोट झालं. "अगंबाई, हे काय खिरापत झाली?" "कोकणात असंच असते काय वं?" सीमाला तर उभं राहवेना.

रागिणी हसली नाही. ती त्या कांद्याकडे पाहत होती. मे महिन्याची दुपार, ओलं बारदान, तळहातावर ठेवलेला कांदा… खिशात ठेवा, लू लागत नाई.

"हा… कशाले?" तिनं विचारलं, आणि तिला उत्तर माहीत होतं.

साईशनं एकदा दीर्घ श्वास घेतला. समुद्राकाठचा तो माणूस, आयुष्यभर 'बघू' म्हणत आलेला, आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर, सरळ, तोंडावर बोलला—

"पुढच्या उन्हाळ्याले लागन ना? मी कुठी जाऊन नाई राह्यलो. कुडाळले 'नाई' म्हणून कळवून टाकलं… त्या दिवशी, तुमच्या दुकानातून गेलो तसंच."

"त्याच दिवशी? आन मले सांगितलं नाई?"

"गिऱ्हाईक थांबलं होतं."

आता मात्र तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच डोळ्यांतून पाणी ओघळलं. "कांदा चिरलाही नाई अजून," ती डोळे पुसत म्हणाली, "आन पाहा…"

"रागिणी." पहिल्यांदाच नुसतं नाव. "तू राहा म्हणालीस तर नोकरीपुरता नाही राहणार. म्हणशील?"

मोठा कठीण, इतके दिवस ओठांवर न आलेला तो शब्द— तो इतका अलगद बाहेर आला, जशी पहाटे कळी उमलते. "थांब," ती म्हणाली. "थांब ना."

पार्बताबाईनं पदर डोळ्यांना लावला. "अन् ही पोट्टी तुझ्यासंगं समुद्रावर याले तयार बसली होती!"

साईशनं चमकून रागिणीकडे पाहिलं. इतका वेळ ओसरीवर बसलेले किसनराव खाकरले. "म्हणजे तो इथं राह्यते म्हणते, आन ही तिकडं जाते म्हणते. असं उलटसुलट गेले दोघं, तर आपल्या दुकानावर कोण बसते?"

"बाबा," साईश म्हणाला, आणि 'बाबा' म्हणालो हे त्यालाच नंतर कळलं, "मे महिना वेंगुर्ल्यात, आईकडे. बाकी वर्ष इथे. चालेल?"

किसनरावांनी विचार केल्यासारखं केलं. "मे महिन्यात तसंही फुलं पोळतात," ते म्हणाले. "चालते."

"मग कांद्याचं काय करायचं, साहेब?" रागिणीनं विचारलं. "मे महिन्यात तुमी समुद्रावर. आन तोवर हा टिकतही नाई. कोंब फुटन याले."

"फुटला तर लावू. तुमची माती पाय धरते ना."

हातातला हार तसाच होता. तिनं तो भुलाबाईच्या गळ्यात घातला, आणि त्याचा दुसरा वेढा भुलोजींच्या गळ्यात. एकच हार, दोघांना. चंद्र आता निंबाच्या वर आला होता, दुधाच्या भांड्यात उतरला होता. सीमानं टाळी धरली, "गाणं पाहिजे! नवीन पाहिजे!" आणि रागिणीनं तिथल्या तिथे जुळवलं—

रुख्मिणीचं माहेर वर्धेच्या काठी गं,
समुद्राचा जावई बसला आमच्या पाटी गं…
जाऊ म्हणे, जाऊ म्हणे, जाता त्याले येईना,
चांदणं आलं ताटात, पाट काई सोडेना!

पोरींनी ते झेललं आणि गल्लीभर नेलं.

---

कांद्याला खरंच कोंब फुटला. शेवंतीच्या वाफ्याच्या कोपऱ्यात तो लावला, आणि थंडी सरताना त्यावर पांढऱ्या फुलांचा टपोरा गेंद आला. किसनराव म्हणाले, बाजारात याला कोणी विचारणार नाही. रागिणीनं तो विकायला ठेवलाच नव्हता.

चैत्र लागला, उन्हं तापू लागली. एका दुपारी दुकानासमोर एक नवी मुलगी येऊन उभी राहिली. नाशिकची, शाळेत शिक्षिका म्हणून आलेली, चेहरा रडवेला. "इथे सगळे मला विचारतायत, काहून आले. बदली कधी मागता येते हो?"

रागिणीनं मडक्यातलं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. "बसा. कोजागिरीपर्यंत थांबा, मंग बोलू."

ओल्या बारदानामागून कोणीतरी मान वर केली. डोक्याला दुपट्टा, नाकावर मोगऱ्याची कळी.

"तिचं ऐका," तो म्हणाला. "आन आधी खिशात कांदा ठेवा."